वर्धा ते कौसानी

वैशाखात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या घरात शिरला, की येथील शिक्षक-कारकुनांच्या घरांतून नैनिताल, मसुरी, कौसानी ही नावे ऐकू येऊ लागतात. रजा-प्रवास सवलतीमुळे ज्यांना हिमालयाचे दर्शन सुलभ झाले आहे, त्यांनी ते अवश्य घ्यावे. वर्षभराच्या कष्टांनंतर थंड हवेत चार दिवस काढणे ही काही चैन नव्हे. प्रश्न आहे तो तेथे कसे जावे, हा.

कौसानीला तरी वर्धेकरांनी परक्यासारखे जाण्याचे कारण नाही. 1929 च्या जूनमध्ये गांधीजी तेथे विश्रांतीसाठी राहिले आणि त्याच मुक्कामात 'अनासक्तियोग' या आपल्या गीतानुवादाची प्रस्तावना त्यांनी लिहिली. पुढे 1936 मध्ये ते सेवाग्रामला आले. तेथील नई तालीमच्या कार्यात 1932 साली इंग्लंडहून भारतात आलेल्या कॅथरीन हाइलमन, अर्थात सरलादेवी, सहभागी झाल्या. हिवतापाने जर्जर होऊन 1941 मध्ये त्या हवापालटासाठी कुमाऊँत गेल्या आणि तेथल्याच झाल्या. पहाडी स्त्रीचा दिवस लाकूडफाटा, चारा आणि पाणी वाहण्यात सरतो, हे त्यांनी पाहिले. 1946 मध्ये त्यांनी कौसानीत लक्ष्मी आश्रम स्थापून डोंगरातील मुलींना अक्षरज्ञानासोबत शेती, गोपालन आणि सूतकताई शिकविली. विमला बहुगुणा, राधा भट्ट या तेथेच घडल्या.

त्याही गेल्या होत्या हवापालटासाठीच. परंतु त्यांची दृष्टी शिखरांवरून खालच्या पायवाटेकडे वळली. आपण मात्र आठ दिवसांत पाच गावे उरकतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालाने भारतीय हिमालयातील जवळपास निम्मे झरे आटत चालल्याचे नोंदविले आहे. ऐन उन्हाळ्यात, झऱ्यांची धार बारीक झालेली असताना, प्रवाशांची गर्दी उसळते. निवासस्थानातील नळ आपण मोकळा सोडतो, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यावरील हंडा अधिक दूरवरून येतो. पाणीटंचाईचे चटके सोसणाऱ्या विदर्भातील माणसाला हे निराळे सांगावे लागू नये.

म्हणून एकाच गावी चार दिवस राहावे, पाणी जपून वापरावे, कचरा मागे ठेवू नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह लक्ष्मी आश्रमाची माहिती घेऊनच कौसानी गाठावी. सरलादेवींनी सेवाग्रामहून तेथे नेले ते काम. आपण निदान ओझे तरी नेऊ नये.