मसाज गन : किंमत की उपयोग?

मसाज गन महाग घ्यावी की स्वस्त, असा प्रश्न वैद्यबंधू व औषधालयचालक आम्हांस वारंवार विचारतात. आमच्या मते किमतीआधी उपयोग पाहावा. महाग यंत्रात अधिक पैसे पडतात ते मुख्यतः आघाताची खोली, दाब देऊनही न अडणारी मोटर व टिकाऊ बॅटरी यांसाठी. 'थेरागन प्रो'चे डोके १६ मिलिमीटर पुढे-मागे होते. अनेक स्वस्त यंत्रांत ही खोली बरीच कमी असते व मांडीवर जोर देताच ती अडतात. दिवसभर चालणाऱ्या चिकित्सालयास हा भेद जाणवेल. घरी पाच मिनिटे पोटरीवर फिरविणाऱ्यास क्वचितच.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ पुरुषांच्या पोटरीवर ५ मिनिटांच्या प्रयोगाने घोट्याची हालचाल वाढली, स्नायुबल मात्र बदलले नाही. २०२१ मध्ये अशा यंत्राच्या वापरानंतर स्नायुपेशींचे विघटन झाल्याचा रुग्णवृत्तान्तही प्रसिद्ध झाला. हा धोका किंमत वाढवून टळत नाही. म्हणून मर्मस्थाने वर्ज्य करावीत आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांस वैद्यांच्या सल्ल्याविना यंत्र देऊ नये. स्नेहाविना केवळ आघात म्हणजे अभ्यंग नव्हे, हे ग्राहकास सांगूनच विक्री व्हावी.