भाचा आणि ठराव

वऱ्हाडातील पाटीलकी कित्येक पिढ्या बापाकडून मुलाकडे वाड्याच्या किल्ल्यांसारखी चालत आली, आणि त्या काळी हुद्द्याला अगोदर लायकी लागते असे कोणी चावडीवर म्हटले असते तर गावाने त्यालाच वेडगळ ठरविले असते. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत केवळ कुळावरून भेद करण्यास मनाई केली. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने गझुला दशरथ रामराव यांच्या खटल्यात मद्रासकडील वंशपरंपरागत ग्राममुन्सफीचे, म्हणजे तिकडच्या पाटीलकीचे, कलम त्याच आधारावर रद्दबातल ठरविले. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा नेमणुकीचा माणूस झाला. तरीही पोलीस पाटलाच्या भरतीविषयीच्या १९६८ च्या आदेशात उमेदवाराच्या घराण्याने समाजाची केलेली सेवा विचारात घ्यावी, असे वाक्य राहिलेच. वतन गेले, घराणे राहिले!

पोलीस पाटलाच्या निवडीत निदान उपविभागीय अधिकारी हा गावाबाहेरचा असतो. खरी कसोटी लागते ती ग्रामपंचायतीत, कारण तिचे नोकर तीच नेमते. मेहकर वा चिखली तालुक्यातील एखाद्या गावी नळ सोडणाऱ्या माणसाची जागा निघाली, म्हणजे मासिक सभेत अर्ज वाचले जातात, सूचक उभा राहतो, अनुमोदक मान डोलावतो आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. अर्जावर ‘वल्द’ म्हणून बापाचे नाव असते, मामाचे नसते, आणि मामा तर समोरच्या खुर्चीवर सदस्य म्हणून विराजमान असतो. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ पंचायतीच्या कंत्राटात अथवा नोकरीत हितसंबंध असलेल्या सदस्याला अपात्र ठरविते खरे, परंतु त्या कलमात ‘भाचा’ हा शब्द नाही, आणि मामाचा हितसंबंध सिद्ध करण्याकरिता जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत खेटे घालण्याची उसंत पेरणीच्या दिवसांत कोणास असते?

लहान गावात सगळेच एकमेकांचे सोयरे, तेव्हा नात्याचा माणूस कधीच नेमू नये असा दंडक घातला तर पाणी सोडायला परगावाहून माणूस आणावा लागेल, हा आक्षेप मला मान्य आहे. लायक भाच्याला केवळ मामापायी वगळणे हाही अन्यायच. म्हणून माझे मागणे थोडे आहे: ज्या सदस्याचा आप्त अर्जदार असेल त्याने ते नाते प्रोसिडिंग बुकात आपल्या सहीने नोंदवावे आणि मतदान संपेपर्यंत सभागृहाबाहेर बसावे. यासाठी मुंबईहून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या मासिक सभेत सरपंचांनी एवढे करून दाखवावे.