गंजगोलाईची अग्निसुरक्षा

जुन्या पेठेतील अग्निशमन केंद्र इमारतीच्या देखणेपणावरून नव्हे, तर बंब किती मिनिटांत पोचतो यावरून जोखले पाहिजे. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते मिळतात. परंतु वाहनांनी ते अडले, तर एकही कामी येणार नाही. म्हणून तेथे छोटे बंब, सदैव मोकळे राखलेले दोन-तीन रस्ते आणि भूमिगत राखीव टाकी हवी. २०१६ मध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे अशी टाकी ही चैन नव्हे. दुकान जळते तेव्हा व्यापाऱ्याच्या भांडवलाबरोबर हमालाची रोजीही जाते. जुन्या नांदेडच्या गल्ल्यांनाही हाच न्याय लागू आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत आगीच्या बाबतीत परवडणारी नाही. दोन्ही महापालिकांनी अंदाजपत्रकात ही तरतूद अग्रक्रमाने करावी.