गोळीपर्यंतची वाट

तालुक्याच्या मेडिकलात चार गिऱ्हाईकं उभी असताना दुकानदार सहज विचारतो, “कुणासाठी पाहिजे?” रक्तदाबाच्या गोळ्यांना हे खपून जातं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी मागायला आलेला मुलगा मात्र क्रोसिनची पट्टी घेऊन परत फिरतो. दुकानदार त्याच्या वडिलांच्या ओळखीचा असतो.

या गोळीला प्रेप म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं तिच्यात एकत्र असतात. अमेरिकेत तिला २०१२ साली मान्यता मिळाली. सांगितल्याप्रमाणे घेतली, तर शरीरसंबंधांतून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशातल्या कंपन्या ही औषधं बनवतात, परदेशी पाठवतात. आणि आपल्याच पोरांना ती मागायची चोरी, हे मला अजिबात पटत नाही.

ही गोळी दूरच्या माणसापर्यंत गुपचूप पोचवता येते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मैलोन्‌मैल मक्याची शेतं आहेत. प्रेप देणारा दवाखाना गाठायचा तर लांबचा प्रवास. तिथल्या विद्यापीठाने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने २०१७ मध्ये ‘टेलिप्रेप’ सुरू केलं. डॉक्टरांशी झालेल्या कराराच्या आधारे प्रशिक्षित फार्मासिस्ट व्हिडिओ कॉलवर बोलतो, जवळच्या लॅबमध्ये तपासण्या करायला सांगतो, आणि औषध टपालाने घरी येतं.

यातली रक्ततपासणी टाळता येत नाही. लागण आधीच झालेली असताना प्रेप सुरू केलं, तर विषाणू या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी हवीच. मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावं लागतं.

आपल्याकडे या साखळीच्या कड्या सुट्या पडल्या आहेत. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी या समुपदेशन-चाचणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते, समुपदेशक असतात. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेची हमी दिली आहे. मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनचे नियमही आहेत. मग केंद्रातला समुपदेशक तिथूनच व्हिडिओ कॉलवर शहरातल्या जाणत्या डॉक्टरांशी गाठ का घालून देत नाही? औषध त्याच केंद्रात, बंद पाकिटात का मिळत नाही? आरोग्य खात्याने एका जिल्ह्यात तरी हे करून पाहावं.

घरूनच डॉक्टरांशी बोलायचं, तर एकाच खोलीत सहा माणसं राहतात तिथे व्हिडिओ कॉल कुठे करायचा, हा प्रश्न खरा आहे. टेलिमेडिसिनच्या नियमांत लेखी संदेशांतून सल्ला घेण्याचीही सोय आहे. सुरुवात तिथून करता येईल.