शब्द आणि सत्य

एके काळी शाळामास्तर असलेल्या जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात तर्काला बीजगणिताचे रूप दिले. संगणकाची प्रत्येक अट त्याच सत्यासत्य-निवाड्यावर चालते. परंतु शब्द व अर्थ यांतील अंतर यंत्राला आपोआप उमगत नाही. पायथन भाषेत अवतरणचिन्हांत लिहिलेला 'फॉल्स', म्हणजे 'असत्य', हा शब्द सत्यच ठरतो. कारण रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला तेथे सत्य होय! 'जुन्या नोंदी पुसाव्यात काय?' ह्या अटीस असा 'फॉल्स' लाभला, तर नोंदी पुसल्या जातील. म्हणूनच अ‍ॅन्सिबल ह्या स्वयंचलनाच्या साधनात 'बूल' नावाचा फिल्टर लावून शब्दाचे मूल्य करून घेतात. विद्यार्थीमित्रांनो, हा काटेकोरपणा प्रथम भाषेच्या तासालाच अंगी बाणतो, असे आमचे ठाम मत आहे.