विडालचा आकडा आणि आपले इंदूर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळी तुकोगंजातील माझ्या दवाखान्यात एक तरुण आला आणि बसण्यापूर्वीच त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. "डॉक्टरसाहेब, टायफॉइड निघालाय. नुसतं औषध लिहून द्या." ताप येऊन दोन दिवस झाले होते. ही तपासणी कोणाही डॉक्टरने सांगितलेली नव्हती, त्याने ती स्वतःच करून घेतली होती. स्लाइड पद्धत, ओ १:८०, एच १:१६०, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. टायफॉइडची ओ प्रतिपिंडे साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि एच त्यानंतर रक्तात दिसू लागतात, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. दोन दिवसांच्या तापाने ती निर्माण केली असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. ती त्याच्या रक्तात आधीपासूनच होती. चौथ्या दिवशी ताप प्रतिजैविकावाचून उतरला.

या तरुणाला हसण्याचा मला अधिकार नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक गृहस्थ तीन आठवड्यांचा ताप घेऊन माझ्याकडे आले. कचेरीत कारकून, मितभाषी. मीच विडाल लिहून दिली, अहवालात ओ १:१६० आले आणि मी टायफॉइडचा उपचार सुरू केला. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. मी औषध बदलले. रक्ताचा कल्चर करावा, छातीचा फोटो काढावा, हे विचार मनात आले नाहीत असे नाही. पण समोर आकडा होता आणि आकड्याने माझे समाधान केले होते. पाचव्या आठवड्यात त्यांना झटका आला. तो क्षयाचा मेनिंजायटिस होता. ते वाचले. आजही भेटतात, नमस्कार करतात; मात्र डाव्या हाताने, कारण उजवा हात उचलत नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळे ते ओझे हलके झालेले नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी वीस-पंचवीस वर्षांत केली नव्हती. ज्या प्रयोगशाळेत ती तपासणी झाली होती तेथे जाऊन संचासोबतचे माहितीपत्रक वाचायला मागितले. तंत्रज्ञाने फ्रिजमधून खोके काढले. पत्रक तळाशी होते. त्याची घडी मोडलेली नव्हती. बारीक इंग्रजी अक्षरांत त्यात दोन वाक्ये होती. स्लाइडवर प्रतिक्रिया दिसल्यास नळीच्या पद्धतीने खातरजमा करावी, हे एक. आणि कोणते टायटर अर्थपूर्ण मानावे हे त्या त्या भागातील निरोगी लोकांच्या तपासणीवरून ठरवावे, हे दुसरे. उत्पादकाने आपले कर्तव्य केले होते. वाचणारा नव्हता. तंत्रज्ञाला वेळ नव्हता, आणि ज्याने चाचणी लिहून दिली त्या मला ते वाचणे आपले काम आहे असे वाटतच नव्हते.

फेर्नां विडाल यांनी ही चाचणी १८९६ साली पॅरिसमध्ये मांडली. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली ती १८९७ च्या जानेवारीत. म्हणजे ही त्याच पिढीतील विद्या. इतकी जुनी पद्धत आजही आपल्याकडे रोज वापरली जाते, हा तिचा गौरवही म्हणता येईल. पण जी टिकली ती मूळ पद्धत नव्हे. व्यवसायाच्या आरंभी माझ्या दवाखान्याला जोडून एक लहानशी प्रयोगशाळा होती, तेथे आम्ही नळ्यांची विडाल करीत असू. रुग्णाचा सीरम सलाइनने दुप्पट-दुप्पट पातळ करीत जायचे, १:२०, १:४०, १:८० असे. ओसाठी गोल बुडाच्या फेलिक्स नळ्या, एचसाठी निमुळत्या ड्रायर नळ्या. शेजारी सीरम नसलेली नियंत्रणाची नळी. मग रात्रभर ३७ अंशांवर पाण्यात. सकाळी काळ्या कागदासमोर नळी धरली की ओचा थर बुडाशी खडूच्या भुकटीसारखा घट्ट बसलेला दिसे, आणि एचचे पुंजके पिंजलेल्या कापसासारखे सैल तरंगत. नळी हलवताना हात जपून ठेवावा लागे. त्या एका रात्रीत डॉक्टरलाही विचार करायला वेळ मिळत असे, हा त्या पद्धतीचा पुस्तकात न लिहिलेला गुण! पुढे स्लाइडचा संच आला, एका मिनिटात उत्तर मिळू लागले, आणि इतरांप्रमाणे मीही नळ्या माळ्यावर टाकल्या.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे. आपल्या शहराला नर्मदेचे पाणी १९७८ पासून मिळते. तरीही २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. जेथे पाण्याची ही कथा आहे, तेथे धडधाकट माणसाच्या रक्तातही साल्मोनेलाविरुद्धची प्रतिपिंडे थोड्याफार प्रमाणात असणारच. मलेरियासारख्या अन्य तापांतही जुनी प्रतिपिंडे डोके वर काढतात. म्हणून निरोगी इंदूरकराचे टायटर किती असते हे कळल्याखेरीज आजारी इंदूरकराच्या टायटरला अर्थ नाही. भारतातील अनेक शहरांत रक्तदात्यांचे नमुने तपासून असे आधारमान काढले गेले आहे. शहरागणिक आणि काळागणिक ते बदलते. आपण मात्र कोठल्या तरी पाठ्यपुस्तकातली मर्यादा अहवालाच्या छापील नमुन्यात एकदा घालून ठेवली आणि तिलाच इंदूरची मानली.

रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक या बाबतीत आपल्याहून शहाणे. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९८० साली भरलेल्या एका अभ्यासवर्गातून मॅनिएटिस, फ्रिच आणि सॅमब्रूक यांची 'मॉलिक्युलर क्लोनिंग' ही मार्गदर्शिका १९८२ मध्ये निघाली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती कोपराशी उघडी पडलेली असे. पाने रसायनांनी डागाळलेली, समासात पेन्सिलीने टिपणे. कोणते द्रावण किती, किती अंशांवर, किती वेळ, आणि बिघडले तर कोठे बिघडले असेल, हे त्यात. आपल्याकडे प्रफुल्ल गोडकर यांचे प्रयोगशाळा-तंत्रावरील जाडजूड पुस्तक तंत्रज्ञांच्या कपाटात असते. डॉक्टरांच्या टेबलावर ते मी क्वचितच पाहिले. पद्धत तंत्रज्ञाची आणि आकडा डॉक्टरचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ती चुकीची आहे.

नव्या यंत्रांनी हा दोष आपोआप जाईल, या भ्रमात कोणी राहू नये. २०२१ च्या त्या भीषण एप्रिलमध्ये नातेवाईक आरटी-पीसीआरची सीटी संख्या तोंडपाठ सांगत आणि आपणही तिच्यावरून रोगाची तीव्रता ठरवू लागलो होतो. महाराष्ट्र शासनाने तर ही मर्यादा २४ वर आणावी काय, अशी विचारणा केली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली. नाकातला नमुना कसा घेतला, कोणता संच वापरला, यावर ती संख्या हलते, हे सांगावे लागले, ते देखील डॉक्टरांना.

क्षयरोगाच्या रक्तचाचण्यांची कथा तर अधिक लाजिरवाणी. प्रतिपिंडांवर आधारलेल्या या चाचण्या भारतात वर्षाला सुमारे १५ लाख होत असल्याचा अंदाज होता. २०११ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्यापूर्वी आपल्यापैकी किती जणांनी त्या लिहून दिल्या असतील, हे ज्याने त्याने आपापल्या मनाला विचारावे.

विडालवरही अशीच बंदी घालावी, असे काही तरुण सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. रक्ताचा कल्चर हाच खरा पुरावा, आणि तो पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकापूर्वी घ्यायला हवा, हे निर्विवाद. पण आपल्याकडे रुग्ण येतो तोच औषधाच्या दुकानातून चार गोळ्या खाऊन. कल्चरला पैसा आणि दिवस दोन्ही लागतात, आणि अशा वेळी तो निर्जंतुक येऊ शकतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली, तर विडाल आजही काही सांगते. एकच नमुना, तोही स्लाइडवर, तोही दुसऱ्या दिवशी, एवढे मात्र आपण आपल्या चिठ्ठ्यांतून हद्दपार करू शकतो. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट कशाला पाहावी?

आणि आधारमानाचे काम तर आपल्या संस्थेच्या आवाक्यातले आहे. सभासदांत पॅथॉलॉजिस्ट आहेत, रक्तपेढ्यांशी संबंध असलेले आहेत. नीतिसमितीची परवानगी आणि दात्यांची संमती घेऊन निरोगी रक्तदात्यांचे काही शेकडा नमुने नळीच्या पद्धतीने तपासावेत, वयोगट आणि वस्ती नोंदवावी, आणि जो आकडा येईल तो शहरातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला कळवावा. मुलांचा प्रश्न वेगळा, कारण मुले रक्तदान करीत नाहीत. त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांना स्वतंत्र बसावे लागेल. नवी संयुग्म लस व्हीआय प्रतिजनावर बेतलेली असल्यामुळे तिने ओ-एचचे आकडे बिघडण्याची भीती नाही, ही एक सोय. खर्च एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनाहून अधिक होईल असे मला वाटत नाही. (भोजन समितीच्या मित्रांनी क्षमा करावी.)

माळ्यावरचा तो लाकडी स्टँड मी परवा खाली काढला. फेलिक्सच्या अकरा नळ्या शाबूत आहेत, ड्रायरच्या सात. दोनांच्या कडा उडाल्या आहेत. धुऊन ठेवल्या आहेत. काम हाती घेणाऱ्याने सायंकाळी सहानंतर येऊन घेऊन जाव्यात.