देवळं वाचली, गावं बुडाली

इजिप्तची सहल म्हणजे पिरॅमिड, कैरोचं वस्तुसंग्रहालय आणि लक्सर ते आस्वान नाईलमधून बोटीचा प्रवास. हा ठरलेला कार्यक्रम उरकून बहुतेक मंडळी आस्वानहूनच मागे फिरतात. फार तर भल्या पहाटे मोटारीनं वाळवंट तुडवत अबू सिंबेलला जायचं, तास-दोन तास देऊळ पाहायचं आणि दुपारी परत. पण सवड असेल तर आस्वानच्या उंच धरणापलीकडे बोट बदलावी. नाईलमधल्या बोटींना धरण ओलांडता येत नाही, त्यामुळे नासर सरोवरातल्या बोटी वेगळ्याच. अबू सिंबेलपर्यंत तीन-चार रात्रींचा हा प्रवास. काठाला ना शेत, ना झाड, ना फेरीवाल्यांचा गलका. नुसतं निळं पाणी आणि पिवळी वाळू. पोहण्याचा मोह मात्र आवरावा, सरोवरात मगरी आहेत!

धरण बांधलं गेलं १९६० ते १९७० या काळात. पाणी थेट सुदानपर्यंत चढणार आणि न्यूबियाचा नदीकाठ बुडणार हे उघड होतं. मार्च १९६० मध्ये युनेस्कोनं साऱ्या जगाला मदतीची हाक दिली. भारतही धावला. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व खात्याच्या पथकानं १९६१-६२ मध्ये तिथे उत्खनन केलं.

धरणाजवळचं कलाब्शाचं देऊळ पश्चिम जर्मनीनं सुटं करून पुन्हा उभारलं. वादी अस-सबुआमध्ये गंमतच आहे. रामसेस दुसरा याच्या या देवळाचं पुढे चर्च झालं. गिलावा कुठे टिकला, कुठे पडला. त्यामुळे आज रामसेस संत पीटरला फुलं वाहताना दिसतो! पण सगळ्यांत नवल अमादाचं. त्याची रंगीत कोरीवकामं इतकी नाजूक, की दगड सुटे करायची सोय नव्हती. फ्रेंचांनी देऊळ चहूबाजूंनी आवळलं, रुळांवर ठेवलं आणि सुमारे अडीच किलोमीटर अख्खं सरकवत नेलं.

कस्र इब्रिम मात्र हललं नाही. पूर्वी नदीपासून उंच कड्यावर असलेला हा किल्ला आता पाण्याच्या जेमतेम वर आहे. तिथे उतरू देत नाहीत. बोट थांबते, प्रवासी कठड्याशी येऊन पाहतात. पाणी किती चढलं याचा अंदाज तिथे येतो.

अबू सिंबेलही १९६४ ते १९६८ या काळात कापून ६५ मीटर वर नेलं. पाण्यातून येताना चार महाकाय रामसेस दुरूनच दिसू लागतात. शेजारच्या देवळाच्या दारातले राणी नेफरतारीचे पुतळे राजाच्याच उंचीचे आहेत. एरवी राणी राजाच्या गुडघ्याशी!

देवळं अशी वाचली. पण इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार न्यूबियन माणसांना १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोजवळच्या नव्या वसाहतींत नेऊन सोडलं. जुनी घरं नदीकडे तोंड करून असत, बाया भिंती रंगवत, त्यांत चिनी मातीच्या बशा बसवत. नवी घरं एकसारखी, रांगेत आणि नदीपासून लांब. खजुराची झाडं, पूर्वजांची थडगी, सगळं मागे राहिलं. रात्री बोट नांगर टाकते ती याच गावांच्या आसपास, पण वाटाड्याच्या बोलण्यात त्यांची नावं क्वचितच येतात.

जायचं ते ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये, उन्हाळा भाजून काढतो. टोपी आणि वाळूत चालायला बंद बूट घ्यावेत. शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच तसं सांगावं. आणि परतताना आस्वानहून लक्सरला मोटारीनं जाणार असाल, तर कोम ओम्बोचं देऊळ पाहून झाल्यावर गाडीवाल्याला तासभर त्या वसाहतींकडे वळायला सांगावं. बुडालेल्या गावांची नावं तिथल्या लोकांनी नव्या गावांना दिली आहेत. एका गावाचं नाव कलाब्शा आहे.